‘ओपन’ म्हणजे काय?

‘ओपन’ हा इंग्रजी शब्द ज्यास ठाऊक नाही असा माणूस लालबाग-परळमध्ये शोधूनही सापडावयाचा नाही. तो शिकण्यासाठी कोणास इंग्रजी शाळेत जावे लागलेले नाही. वाण्याचे दुकान ओपन आहे की बंद, हे चाळीतली पोरे धावत जाऊन पाहून येतात. मंडळाच्या कबड्डीत वजनी गट आटोपले की ‘ओपन’चे सामने सुरू होतात. नोकरीच्या जाहिरातीत किती जागा राखीव आणि किती ‘ओपन’, याचा हिशेब घरोघर मांडला जातो. निवडून आलेल्या उमेदवाराची मिरवणूक निघते ती ओपन जीपमधून. गिरणीत तर हा शब्द फार पूर्वीच येऊन बसला होता. कापसाची करकचून बांधलेली गाठ फोडून तिचे तंतू मोकळे करणाऱ्या यंत्रास ब्लोरूममधील कामगार ‘ओपनर’ म्हणत. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर या शब्दास गिरणगावात एक निराळाच अर्थ चिकटला. ‘आपली मिल ओपन होणार का?’ हा प्रश्न नाक्यावर, भजनात, गावाहून आलेल्या पत्रात वर्षानुवर्षे विचारला जात राहिला.

बहुतेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. परंतु इतक्या घरगुती झालेल्या या शब्दाच्या अर्थावरून पुढे एक खटला उभा राहिला, तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेथे जो अर्थ ठरला त्याने मुंबईतील ५८ गिरण्यांखालच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे भवितव्य ठरवले. त्या जमिनीवर जी उद्याने व्हावयाची होती ती का झाली नाहीत, गिरणी कामगारांची घरे मोजकीच का झाली, आणि वयाची सत्तरी ओलांडलेल्या कामगारांना घरासाठी आजही आझाद मैदानावर का बसावे लागते, या प्रश्नांची अनेक उत्तरे आहेत. त्यांपैकी एक उत्तर ‘ओपन’ या एका शब्दात दडलेले आहे. ते आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

एका शब्दाचे चार अर्थ

ज्या ठिकाणी इंग्रजी एक शब्द वापरते त्या ठिकाणी मराठीत निदान चार शब्द आहेत. दार उघडे असते. मन किंवा श्वास मोकळा असतो. अधिवेशन, चर्चा किंवा स्पर्धा खुली असते. आणि खोली, डबा, पोट ही रिकामी असतात. जमिनीच्या बाबतीतही आपण हा भेद कटाक्षाने पाळतो. ‘उघडी जागा’ म्हणजे जिच्यावर छप्पर नाही ती. ‘मोकळी जागा’ म्हणजे जिथे हातपाय पसरता येतात, मुलांना खेळता येते ती. ‘खुली जागा’ म्हणजे जिथे जाण्यास कोणालाही मज्जाव नाही ती. आणि ‘रिकामी जागा’ म्हणजे जिचा आज काही उपयोग होत नाही ती.

हे चार अर्थ एकमेकांच्या जवळचे असले तरी एक नाहीत. शिवाजी पार्क मोकळे आहे, खुले आहे, परंतु ते रिकामे आहे असे दादरचा कोणी माणूस म्हणणार नाही. परळचे कामगार मैदान आणि नरे पार्क यांच्या मातीवर कामगारांच्या कित्येक पिढ्यांच्या सभा झाल्या. ती मैदाने माणसांनी भरली होती म्हणूनच ती मोकळी होती. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो चाळीत सर्वांना सामाईक अशी जागा होती म्हणून. त्या काळच्या चाळींत खोली दहा बाय बाराची असे. ती सुसह्य होत असे ती बाहेरच्या गॅलरीमुळे आणि खालच्या पटांगणामुळे. लग्नाची पंगत, मयताची बैठक, मुलांचा अभ्यास, रात्रपाळीहून आलेल्याची झोप, हे सारे त्या मोकळ्या जागेच्या आधाराने चाले. मुंबईच्या श्रमिकाने आपल्या घराचा अर्धा भाग नेहमीच घराबाहेर मांडला आहे. त्यामुळे ‘मोकळी जागा’ ही त्याच्या दृष्टीने चैनीची बाब कधीच नव्हती.

इंग्रजी ‘ओपन’ या शब्दात हे चारही अर्थ एकत्र नांदतात. बोलण्यात त्याने बिघडत नाही, कारण प्रसंगावरून कोणता अर्थ घ्यावयाचा ते ऐकणाऱ्यास कळते. कायद्यात मात्र बिघडते. तेथे चारांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा हे कोणास तरी ठरवावे लागते, आणि जमिनीचा भाव जितका चढा तितकी ते ठरवून घेण्याची घाई मोठी.

१९९१ ते २००६

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला स्थापन केली. पुढल्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, भायखळा हा सारा टापू भोंग्यांच्या आवाजावर उठू-बसू लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, तेव्हा धंद्यापेक्षा जमीन अधिक मोलाची झाली होती. या जमिनीचे काय करावयाचे, हे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने प्रथम ठरवले.

तो नियम काही क्रांतिकारक नव्हता. गिरणीमालकास जमीन विकण्याची व विकसित करण्याची वाट त्यानेच करून दिली. तथापि त्या बदल्यात त्याने शहराचा हक्क मान्य केला. ढोबळमानाने बोलावयाचे तर जमिनीचे तीन वाटे करावयाचे होते. एक वाटा शहरास, उद्याने व मैदानांसाठी, दुसरा म्हाडास, परवडणाऱ्या घरांसाठी, तिसरा मालकास. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत हे प्रमाण ३३, २७ व ४० टक्के, पाच ते दहा हेक्टरांत ३३, ३४ व ३३ टक्के, आणि त्याहून मोठ्या गिरणीत ३३, ३७ व ३० टक्के असे होते. हे वाटे कशाचे करावयाचे हेही नियमात स्पष्ट होते: ‘ओपन लँड’चे, आणि त्याबरोबरच जुनी बांधकामे पाडल्यावर जी जमीन निघेल तिचे.

दोन-तृतीयांश जमीन सोडावी लागणार म्हटल्यावर मालक पुढे येईनात. पाडकाम केले तर वाटे पडतात, मग पाडूच नये, जुन्या शेडमध्येच कचेऱ्या व दुकाने थाटावी, असा मार्ग काहींनी काढला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने, एकेका गिरणीचा सुटा विचार न करता साऱ्या टापूचा एकत्र आराखडा करावा, स्थानकांच्या भोवताली माणसांना वावरावयास जागा ठेवावी, असे सुचवले. तो अहवाल बाजूस पडला.

मार्च २००१ मध्ये राज्य शासनाने ५८ व्या नियमात दुरुस्ती केली. नियमाचा क्रमांक तोच राहिला, वाट्यांची टक्केवारीही तीच राहिली. फक्त बांधकामे पाडल्यावर निघणाऱ्या जमिनीचा उल्लेख गळाला. आता वाटे करावयाचे ते ‘ओपन लँड’चे आणि शिल्लक चटईक्षेत्राचे. वरवर वाचणाऱ्यास काही मोठे घडले असे वाटूही नये इतका हा बदल बेताचा होता. परंतु या दुरुस्तीचा अर्थ असा लावला गेला की, गिरणीच्या आवारातील जो तुकडा आधीपासूनच रिकामा आहे तेवढीच ‘ओपन लँड’. जेथे शेड उभी आहे ती पाडली, जमीन सपाट केली, तरी ती जमीन ‘ओपन’ नव्हे, ती मालकाची.

या अर्थास बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपने जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात आव्हान दिले. १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी व न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही ‘ओपन लँड’च होय. नगररचनेचा कायदा शहराच्या आरोग्यासाठी असतो आणि त्यातील शब्द त्याच हेतूने वाचले पाहिजेत, असा त्या निकालाचा रोख होता. गिरणगावास पाच महिने दिलासा मिळाला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा व न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर यांनी शासनाची दुरुस्ती वैध ठरवली आणि ‘ओपन लँड’चा अर्थ आधीपासून रिकामी असलेली जमीन एवढाच मान्य केला. आजारी गिरण्यांचे पुनर्वसन, बँकांची व कामगारांची थकलेली देणी, आणि धोरण आखण्याचा शासनाचा अधिकार या बाजूही न्यायालयासमोर होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. शब्द गाळला तो शासनाने, आणि गाळलेला शब्द पुन्हा घालणे हे न्यायालयाचे काम नव्हे, या म्हणण्यातही तथ्य आहे. म्हणूनच आमचा मुख्य आक्षेप शासनावर आहे.

रिकामी म्हणजे किती?

या अर्थबदलाने नेमके काय झाले ते एका साध्या हिशेबाने कळेल. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे, आणि चटईक्षेत्राची गुंतागुंत बाजूस ठेवून तो सोपा केला आहे. समजा, एका गिरणीची जमीन ८ हेक्टर आहे. त्यांतील ६ हेक्टरांवर शेड, गुदामे, बॉयलर, कचेरी आहे आणि २ हेक्टर जमीन रिकामी आहे. १९९१ च्या अर्थाने सर्व पाडून ८ हेक्टरांचे वाटे केले तर शहरास उद्यानासाठी २.६४ हेक्टर, म्हाडास घरांसाठी २.७२ हेक्टर आणि मालकास २.६४ हेक्टर मिळतील. २००१ च्या अर्थाने वाटे पडतील ते फक्त २ हेक्टरांचे. शहरास ०.६६ हेक्टर, म्हाडास ०.६८ हेक्टर. मालकाकडे राहतील ती आपल्या वाट्याची ०.६६ आणि शेडखालची ६, मिळून ६.६६ हेक्टर. साडेसहा एकरांचे मैदान दीड-पावणेदोन एकरांवर आले, आणि मालकाचा वाटा अडीचपट झाला. टक्केवारीचा एक आकडाही न बदलता हे साधले.

हा परिणाम अनपेक्षित होता असे कोणी म्हणू नये. गिरणी पाहिलेल्या माणसास ठाऊक आहे की गिरणी ही इमारत जमिनीवर पसरते. साळखात्यातील माग वजनदार, त्यांचा हादरा मोठा, म्हणून ते तळमजल्यावरच बसवावे लागत. उजेडासाठी करवतीच्या दातांसारखी छपरे घालून त्या शेडी दूरवर पसरत. आवारातील बहुतेक जमीन अशी छपराखालीच असावयाची. ज्या कारखान्यात मुळात रिकामी जागा थोडी, तेथे ‘फक्त रिकाम्या जागेचे वाटे’ म्हणजे कशाचे वाटे, हे कारकुनासही कळावे. नियम करणाऱ्यांना ते कळले नव्हते असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

यापेक्षाही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रिकाम्या जमिनीसाठी आपल्या कायद्याच्या इंग्रजीत दुसरा शब्द उपलब्ध होता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात ‘व्हेकंट लँड’ हा शब्द आहे, त्याची व्याख्या आहे, आणि मुंबईसाठी तिची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरवलेली होती. त्या व्याख्येतून इमारतीखालची जमीन वगळलेली होती. म्हणजे शासनास रिकामी जमीन म्हणावयाचे असते तेव्हा ते ‘व्हेकंट’ म्हणते, हे पंचवीस वर्षे सर्वांस माहीत होते. ५८ व्या नियमात मात्र शब्द राहिला तो ‘ओपन’. लोकांनी वाचला तर मैदान आठवावे आणि मालकाने वाचला तर रिकामा कोपरा, अशी ही सोय झाली.

त्या १९७६ च्या कायद्याचे पुढे काय झाले हेही येथे सांगितले पाहिजे. त्यात पळवाटा पुष्कळ होत्या, सवलतींच्या कलमाखाली कित्येक भूखंड सुटले. तरीही मृणाल गोरे, बाबुराव सामंत आदींनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे त्या कायद्याचा पाठपुरावा केला आणि गोरेगाव-दिंडोशीला सामान्यांची हजारो घरे उभी राहिली. कायद्यातील शब्द लोकांच्या बाजूने वाचण्याचा आग्रह धरला तर काय होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे. महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला. म्हणजे गिरण्यांच्या जमिनीवरील शहराचा हक्क आक्रसल्यानंतर दोन वर्षांच्या आतच इतर रिकाम्या जमिनीवरील मर्यादाही उठली.

गिरण्यांच्या जमिनींना बाजारात काय भाव आला ते सर्वांनी पाहिले. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांस गेली, दादरच्या कोहिनूर मिलची ४२१ कोटींस. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. म्हाडाच्या सोडती निघाल्या त्या अशा: २०१२ साली ६,९२५ घरे, २०१६ साली २,६३४, २०२० साली ३,८९४. या तिन्ही मिळून १३,४५३. दत्ता इस्वलकर यांनी १९८९ साली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली आणि २०२१ साली मृत्यू येईपर्यंत हा लढा चालवला. जी घरे मिळाली ती अशा लढ्यांमुळे मिळाली. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांना आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जात आहे. जुलै २०२५ मध्ये हे वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते ‘आम्हांस मुंबईतच घर द्या’ हे सांगण्यासाठी. मुंबईत जागा नाही, असे त्यांना ऐकवले जाते. जागा होती. ती कोणत्या अर्थाने नाहीशी झाली, ते वर सांगितले आहे.

आकाशाला उघडी, माणसाला बंद

‘ओपन’ या शब्दाचे भोग येथे संपले नाहीत. मोठ्या भूखंडावर इमारत बांधताना रहिवाशांसाठी काही जागा मोकळी सोडावी लागते. १९९१ च्या नियमावलीत हे प्रमाण भूखंडाच्या आकारानुसार १५ ते २५ टक्के होते, आणि ती जागा ‘ओपन टू स्काय’ म्हणजे वर आकाश असलेली असावी अशी अट होती. विकासकांनी या अटीचा अर्थ असा काढला की, खाली मोटारी ठेवण्याचे मजले बांधावे, त्यांच्या छतावर माती व हिरवळ अंथरावी, वर आकाश आहेच, म्हणजे ती ‘ओपन स्पेस’ झाली. पोडियमवरील बागा म्हणतात त्या याच. हा वादही न्यायालयात गेला, आणि योगायोग असा की तो दादरच्या कोहिनूर मिलच्या जमिनीवरूनच गेला. १७ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती हेमंत गोखले यांनी लिहिलेल्या निकालात सांगितले की, नियमाने सोडावयाची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे. पोडियमवर जे करावयाचे ते त्याहून अधिक म्हणून करावे. ‘ओपन’ शब्दास पुन्हा जमिनीवर आणणारा हा निकाल होता.

२०१८ मध्ये नवी नियमावली आली. तिने अशा जागेपैकी किमान ६० टक्के जागा जमिनीवर ठेवावी, तिच्यातील निम्मी तरी प्रत्यक्ष मातीवर असावी आणि उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल असे ठरवले. प्रत्यक्ष मातीसाठी नियमावलीने ‘मदर अर्थ’ असा शब्द योजला आहे. धरणीमातेचे नाव घ्यावयाचे आणि तिच्या वाट्याला शंभरांतील तीस ठेवावयाचे, हे आमच्या नगररचनेचे आजचे धोरण आहे. आणि ही सारी जागा, मातीवरची काय किंवा छतावरची काय, कुंपणाच्या आत असते. ती आकाशाला उघडी असते. बाहेरच्या वस्तीतील मुलास तेथे प्रवेश नसतो. ‘खुली’ हा ‘ओपन’चा तिसरा अर्थ असा परस्पर गाळला गेला.

मोकळ्या जागेचा हा हिशेब केवळ बागबगिचांचा नाही. गिरण्या गेल्या त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, रोज लाखो माणसे जुन्याच स्थानकांवर उतरू लागली, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. स्थानकांभोवती माणसांना वावरावयास जागा ठेवा, असे सांगणारा अहवाल त्या वेळी २१ वर्षांचा झाला होता. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी तुंबते. ते साठवण्यासाठी महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, त्या कोठे? दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या झेवियर मैदानात. शहर बुडू लागले तेव्हा ज्या थोड्या मोकळ्या जागा उरल्या होत्या त्यांच्याच पोटात पाणी न्यावे लागले. मोकळी जागा म्हणजे रिकामी, निरुपयोगी जागा, असे समजणाऱ्यांना याहून निराळे उत्तर देण्याची गरज नाही.

आपण काय करावयाचे?

येथे थोडे आत्मपरीक्षणही करावयास हवे. मार्च २००१ मध्ये ती दुरुस्ती अधिसूचनेने आली, तेव्हा कामगार चळवळीचे सारे लक्ष थकलेल्या पैशांकडे आणि गेलेल्या नोकऱ्यांकडे होते. ते स्वाभाविक होते. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्यास राजपत्रातील शब्द वाचा असे कोण सांगणार? परंतु ज्यांना ते वाचता येत होते अशा आम्हां मध्यमवर्गीय कार्यकर्त्यांनी ते वेळीच वाचून लोकांपुढे मांडले का? घोषणा आम्ही मराठीत दिल्या. नियम मात्र इंग्रजीत झाले, आणि घोषणांनी नियमाचा अर्थ बदलत नाही.

हा केवळ गेलेल्या गोष्टीचा शोक नव्हे. गिरगावात, लालबागला, नायगावला जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचे करार आज होत आहेत. बी. डी. डी. चाळींची कुटुंबे १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु इतरत्र जे करार सह्यांसाठी पुढे येतात त्यांत घर किती फुटांचे हे सर्वजण विचारतात, आणि ‘ओपन स्पेस’ म्हणजे काय हे सहसा कोणी विचारीत नाही. चाळीचे पटांगण त्या शब्दात आहे की नाही? दोन इमारतींमधले अंतर किती? आगीचा बंब आत येईल का? गणपतीचा मांडव कोठे घालावयाचा? पुनर्विकसित इमारत आणि विक्रीचा मनोरा यांच्यामध्ये भिंत उभी राहिली तर बाग कोणत्या बाजूला जाईल? सही होण्यापूर्वी हे प्रश्न विचारावयास हवेत. सही झाल्यावर त्यांची उत्तरे विकासकाचा वकील देतो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, जमिनीविषयीचा प्रत्येक नियम आणि प्रत्येक दुरुस्ती मराठीत, व्याख्येसह, हरकती मागवण्याच्या वेळीच लोकांपुढे आली पाहिजे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची भाषा झाली, ती मंत्रालयाच्या पाट्यांपुरती झालेली नाही. ‘ओपन’ हा शब्द मराठीत लिहावा लागला असता तर लिहिणाऱ्यास ‘मोकळी’, ‘खुली’ की ‘रिकामी’ हे तेथेच ठरवावे लागले असते, आणि हेतू उघडा पडला असता. भाषेचा आग्रह हा येथे अस्मितेपेक्षा हिशेबाचा प्रश्न आहे. दुसरी, नियमात मोकळ्या जागेची व्याख्या अशी असावी: जी जमिनीवर आहे, जिच्यावर आकाश आहे, आणि सार्वजनिक म्हणून सोडलेली असल्यास जिच्या फाटकास दिवसा कुलूप नाही. तिसरी, गिरण्यांच्या ज्या जमिनी सरकारी महामंडळाच्या ताब्यात अद्याप शिल्लक आहेत, त्यांचे वाटे संपूर्ण जमिनीवर मोजावेत. तेथे मालक सरकारच आहे. सरकारास सरकारकडून जमीन घेण्यासाठी कोणत्या शब्दाची अडचण असावी?

इंदू मिलच्या जमिनीचे उदाहरण समोर आहे. चैत्यभूमीजवळची ती साडेबारा एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्याचा निर्णय २०१२ मध्ये जाहीर झाला, तो लोकांनी वर्षानुवर्षे लावून धरला म्हणून. लोकांनी मागितली तेव्हा एक गिरणी सबंधच्या सबंध सार्वजनिक होऊ शकली. शेडखालची जमीन कोणाची, हा प्रश्न तेथे आडवा आला नाही.

प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील मैदाने, उद्याने आणि चाळींची पटांगणे यांची एक साधी यादी करावी. त्यांतील जमिनीवर कोणती, छतावर कोणती, कुलपात कोणती, हे स्वतः जाऊन पाहावे आणि यादीत लिहावे. नकाशात ज्यावर ‘ओपन’ लिहिले आहे तेथे शेजारच्या चाळीतील मूल घेऊन जावे. रखवालदाराने आत सोडले तर शब्द खरा. न सोडले तर त्या जागेचे नाव यादीत तांबड्या शाईने लिहावे आणि ती यादी वॉर्ड कचेरीत नेऊन द्यावी. गिरणीच्या फाटकाशी ‘मिल ओपन होणार का’ म्हणून ज्यांनी वर्षे घालवली, त्यांच्या नातवंडांसाठी निदान मैदानाचे फाटक तरी उघडले पाहिजे.